कोण काय वाचतंय ते सर्व्हरलाही कळू नये: गावातल्या पाच संगणकांवर पीआयआरची उभारणी

अवैध सावकाराविरुद्ध तक्रार कुठे करायची, ही माहिती गुप्त नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ सालचा आहे आणि तो कुणीही वाचावा असाच आहे. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या लहान गावात ते पत्रक कुणी उघडलं, ही बातमी बाहेर फुटता कामा नये. ज्या संगणकावर ते ठेवलंय तो सांभाळणारा पोट्टा सावकाराचा भाचाही असू शकतो. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटाकडे सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) पत्रकाचं तसंच. घरात मुलीचं लग्न जुळवणं चालू असताना कुणी काय वाचलं, याची गावभर चर्चा व्हायला वेळ लागत नाही.

माहिती उघडी पण मागणी झाकलेली, ही सोय ज्या तंत्राने होते त्याला प्रायव्हेट इन्फर्मेशन रिट्रीव्हल, थोडक्यात पीआयआर, म्हणतात. बेनी कोर, ओडेड गोल्डराइख, एयाल कुशिलेविट्झ आणि मधु सुदान यांनी १९९५ साली हा प्रश्न मांडला. सर्व्हर एकच असेल आणि गुप्तता कुठल्याही गणिती गृहीतकावर टेकायची नसेल, तर अख्खा साठा उतरवून घेण्यावाचून इलाज नाही, हेही तेव्हाच स्पष्ट झालं. १९९७ मध्ये कुशिलेविट्झ आणि ऑस्ट्रॉव्हस्की यांनी कूटशास्त्राच्या आधारे एका सर्व्हरवरची वाट दाखवली, पण तिथे सर्व्हरवर हिशोबाचा बोजा फार पडतो. गावात ग्रामपंचायत, शाळा, उपकेंद्र, वाचनालय, सेवा केंद्र अशी पाच ठिकाणं मिळू शकतात. तेव्हा अनेक यंत्रांची पद्धत घ्यावी. तिच्यात साध्या बेरीज-गुणाकाराने काम होतं.

सगळ्यात आधी किल्ल्यांची यादी

बहुतेक जण कोडपासून सुरुवात करतात. सुरुवात करायची ती किल्ल्यांपासून. या पद्धतीची हमी एकाच वाक्याची आहे: टी (आपण आधी ठरवलेला आकडा) इतक्या यंत्रांनी आपापल्या नोंदी एकमेकांना दाखवल्या तरी त्यांना काही कळत नाही, टी अधिक एक यंत्रांनी दाखवल्या की सगळं कळू शकतं. म्हणून कागद घ्या आणि पाचही यंत्रांसमोर लिहा: पासवर्ड कुणाकडे, दुरुस्तीला कोण येतो, बॅकअप कुठे जातो, लॉग कुठे जमा होतात.

ग्रामपंचायतीतला केंद्रचालक आणि चौकातलं सेवा केंद्र चालवणारा एकच माणूस असेल, तर ती दोन यंत्रं नव्हेत. संगनमताच्या हिशोबात ते एकच. तालुक्याहून येणाऱ्या तंत्रज्ञाने पाचही यंत्रं बसवली आणि पाचांची रिमोट किल्ली स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवली, तर टी कितीही धरा, त्याच्यापुरती गुप्तता शून्य. एकाच क्लाउड खात्यात पाचांचे बॅकअप जात असतील तरी तेच. एका भाड्याच्या सर्व्हरवर पाच आभासी यंत्रं चालवणं म्हणजे तर निव्वळ नाटक. हा कागद पुरा झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढचे सगळे आकडे त्यातूनच निघतात.

तीन आकडे: एन, के, टी

एन म्हणजे एकूण यंत्रं. के म्हणजे मूळ माहिती परत उभी करायला किती यंत्रं पुरतात. टी म्हणजे वरच्या कागदावरून ठरलेली संगनमताची मर्यादा. साठवणुकीला रीड-सोलोमन कोड (माहितीचे जादा अंश करून ठेवायचे, त्यातल्या कुठल्याही के अंशांवरून मूळ परत मिळतं) वापरला, तर उतरवलेल्या माहितीपैकी कामाचा वाटा (एन − के − टी + १) ÷ एन इतका येतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तारा-गुणाकार (स्टार-प्रॉडक्ट) पद्धतीचा हा हिशोब.

पाच यंत्रं आणि टी = १ धरून:

के = १ (सरळ पाच प्रती): साठा ५ पट, कामाचा वाटा ४/५
के = २: साठा २.५ पट, वाटा ३/५
के = ३: साठा सुमारे १.६७ पट, वाटा २/५
के = ४: साठा १.२५ पट, वाटा १/५

डिस्क वाचवली की डेटा पॅक जळतो, असा हा व्यवहार. आमचा कल के = २ कडे आहे. बनावान आणि उलुकुस यांनी २०१८ मध्ये कोड केलेल्या साठ्यासाठी, टी = १ असताना, गाठता येणारी कमाल मर्यादा सिद्ध केली. ५ पैकी २ च्या कोडला फक्त दोन फायली असतील तर ती सुमारे ०.७१४ येते, पण दहा फायलींनाच ०.६०००६ वर उतरते. म्हणजे शेकडो पत्रकांच्या साठ्यात ३/५ ही साधी पद्धत आणि सर्वोत्तम पद्धत यांत दाखवण्याजोगा फरक उरत नाही. गुंतागुंतीच्या पद्धतींमागे लागू नका.

टी = २ घेतलं तर वाटा २/५ वर येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गुप्तपणे मागण्यासाठी किमान के + टी यंत्रं चालू लागतात: टी = १ ला तीन, टी = २ ला चार. भारनियमनात दोन ठिकाणची लाइन एकदम जाते तिथे टी = २ ची मांडणी वारंवार बंद पडेल. त्यापेक्षा एकाच माणसाच्या हातातली दोन यंत्रं वेगळी करणं, एक शाळेत हलवणं, हे बरं. नाहीच जमलं तर टी = २ घ्या आणि निदान चार ठिकाणी इन्व्हर्टर लावा.

हातावर करून पाहण्याजोगं उदाहरण

प्रोग्रॅम लिहिण्याआधी हे वहीवर करा. सगळा हिशोब ११ ने भागून उरलेल्या बाकीत. दोन पत्रकं: अ = (३, ७) आणि ब = (५, २). यंत्र क्रमांक ज वर पहिला आकडा + दुसरा आकडा × ज इतकंच ठेवायचं; हा त्या यंत्राचा अंश.

यंत्र १: अ चा अंश १०, ब चा अंश ७
यंत्र २: ६, ९
यंत्र ३: २, ०
यंत्र ४: ९, २
यंत्र ५: ५, ४

वाचकाला ब हवंय. तो दोन यादृच्छिक आकडे काढतो: (४, ९). यंत्र ३, ४, ५ ना हेच पाठवतो. यंत्र १ आणि २ ना ब च्या जागी एक वाढवून (४, १०) पाठवतो. प्रत्येक यंत्र आपल्या दोन अंशांना त्या आकड्यांनी गुणून बेरीज परत करतं: अनुक्रमे ०, ४, ८, १०, १.

शेवटची तीन उत्तरं पाहा: ८, १०, आणि १ (म्हणजे १२ ची बाकी). दर पावलाला २ ने चढणारी सरळ रेषा. ही रेषा म्हणजे भेसळ, ती काढून टाकायची. मागे चालत गेलं तर यंत्र २ वर भेसळ ६, यंत्र १ वर ४. यंत्र १ चं उत्तर ० − ४ = ७. यंत्र २ चं ४ − ६ = ९. ब चे अंश ७ आणि ९. फरक २, मागे एक पाऊल ५. म्हणजे (५, २), ब सापडलं.

यंत्र १ ने पाहिलं ते फक्त (४, १०). वाचकाला अ हवं असतं आणि यादृच्छिक आकडे (३, १०) निघाले असते, तरी त्याला हेच दिसलं असतं, आणि दोन्हींची शक्यता सारखीच. पण यंत्र १ आणि ३ वाल्यांनी चहाच्या टपरीवर आपापले आकडे जुळवले तर (४, १०) वजा (४, ९) = (०, १). पत्रक ब, उघडं पडलं. टी = १ चा अर्थ एवढाच.

इथे भेसळीची रेषा ठरवायला दोन उत्तरं पुरतात आणि आपण तीन वापरली. तिसरं पडताळणीला. ते वाचवून तीन यंत्रांकडून कामाचा माल घेतला की ३/५ चा वाटा मिळतो. पुढची मांडणी तशीच आहे.

खरं माप

२,००० पत्रकं, प्रत्येक बरोबर ६,००,००० बाइट्सचं. लहान असेल तर शून्यांनी भरायचं आणि खरी लांबी पहिल्या ४ बाइट्समध्ये लिहायची. मोठं असेल तर स्कॅन केलेली चित्रं काढून युनिकोड मजकुरात करून घ्या. एका पत्रकाचे तीन भाग करून तीन वेळा मागवायची सवलत देऊ नका. तीनदा मागणारा काहीतरी लांबलचक वाचतोय, एवढं तरी त्यातून कळतंच.

प्रत्येक पत्रकाचे १,००,००० बाइट्सचे सहा तुकडे. दोन-दोन तुकड्यांची एक ओळ, अशा तीन ओळी. प्रत्येक ओळीसाठी यंत्र ज वर पहिला तुकडा + दुसरा तुकडा × ज साठवा, बाइटला बाइट. एका यंत्रावर पत्रकामागे तीन अंश, म्हणजे ३,००,००० बाइट्स. २,००० पत्रकांचे ६०० एमबी. मूळ साठा १,२०० एमबी, पाचांचा मिळून ३,००० एमबी.

आता गुणाकार बाइट्सवर करायचा आहे, म्हणून ११ ऐवजी २५६ घटकांचं क्षेत्र घ्या, म्हणजे बेरीज, गुणाकार, भागाकार सगळं ० ते २५५ मध्येच राहतं. बेरीज आणि वजाबाकी दोन्ही म्हणजे एक्सऑर (दोन बिट सारखे तर ०, वेगळे तर १). गुणाकाराला बहुपदी २८५ आणि जनक (ज्याच्या घातांतून शून्य सोडून सगळे घटक मिळतात तो) २. क्यूआर कोडही हेच वापरतो. इथे एक खड्डा आहे. एईएस या कूटलेखन पद्धतीची बहुपदी २८३ घेऊन जनक मात्र २ ठेवला, तर त्या क्षेत्रात २ ची आवर्तनं ५१ वरच संपतात आणि गुणाकारासाठीची लॉगरिदमची सारणी अर्धवट राहते. प्रोग्रॅम चालतो, उत्तरं चुकतात. दुसरा खड्डा: वहीतल्या सवयीने यंत्र १ आणि २ मधलं अंतर १ धरणं. इथे १ एक्सऑर २ = ३, म्हणून भागायचं ३ ने.

मागणी तयार करणं

पत्रकांना ० ते १,९९९ क्रमांक. मागणी म्हणजे ६,००० गुणकांची यादी. पत्रक फ ची ओळ ओ (० ते २) यादीत ३ × फ + ओ या जागी. एका पत्रकाला दोन फेऱ्या लागतात.

१. फेरीसाठी ६,००० यादृच्छिक बाइट्स काढा. पायथन असेल तर सीक्रेट्स मॉड्यूल, रँडम नव्हे. ब्राउझर असेल तर क्रिप्टोमधलं गेटरँडमव्हॅल्यूज. घड्याळावरून बीज घेणारा जनरेटर वापरला तर कुठलंही एक यंत्र ती यादी स्वतः पुन्हा काढू शकतं, आणि मग त्याला दुसऱ्या कुणाच्या संगनमताची गरजच नाही.

२. यंत्र ४ आणि ५ ना यादी आहे तशी पाठवा.

३. यंत्र १, २, ३ ना पाठवताना हव्या पत्रकाच्या एका ओळीच्या जागी १ एक्सऑर करा. पहिल्या फेरीत यंत्र १ ला ओळ ०, यंत्र २ ला ओळ १, यंत्र ३ ला ओळ २. दुसऱ्या फेरीत अनुक्रमे ओळ १, २, ०. असं केल्याने प्रत्येक ओळीचे अंश दोन वेगळ्या यंत्रांकडून येतात.

४. दुसऱ्या फेरीला नवी यादृच्छिक यादी काढा. जुनीच वापरली तर यंत्र १ एकटं दोन फेऱ्यांच्या याद्या एक्सऑर करून पत्रक ओळखतं.

टी = २ हवं असेल तर एका यादीऐवजी दोन, प आणि म, काढा आणि यंत्र ज ला प + म × ज पाठवा. मग भेसळ सरळ रेषा न राहता वर्गाची होते, ती ठरवायला तीन उत्तरं लागतात, कामाची दोनच उरतात. फेऱ्या तीन.

यंत्राकडचं काम

प्रत्येक अंशाला त्याच्या गुणकाने गुणून सगळ्यांचा एक्सऑर, आणि १,००,००० बाइट्सचं एक उत्तर. यात सगळे ६०० एमबी वाचावेच लागतात. एकही पत्रक वगळता येत नाही. यंत्राला काही वगळता आलं तर त्याला काहीतरी कळलं, असाच त्याचा अर्थ. फेरीमागे ६० कोटी बाइट-गुणाकार. २५६ × २५६ ची सारणी (६५,५३६ बाइट्स) आधीच करून ठेवा, अंश रॅममध्ये ठेवा आणि आतला लूप सी किंवा रस्टमध्ये लिहा. शुद्ध पायथनच्या लूपवर वाचकाला इतकं ताटकळावं लागेल की तो पुन्हा येणार नाही. निदान नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी वापरा.

वाचकाच्या बाजूचा हिशोब हलका. म (इथे भेसळीच्या रेषेचा चढ) = (उत्तर ४ + उत्तर ५) ÷ (४ एक्सऑर ५), आणि तो भाजक १ च. आधार = उत्तर ४ + ४ × म. मग यंत्र १, २, ३ च्या उत्तरातून आधार + म × ज काढून टाका. सहा अंश हातात आले की ओळीमागे दोन वापरून मूळ तुकडे. एका पत्रकाला एकूण ६० केबी वर, १,००० केबी खाली. अख्खा साठा उतरवायचा तर १,२०० एमबी. दिवसाला दीड जीबीचा पॅक असणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. तुमचा साठा शंभर-दोनशे एमबीचाच असेल आणि वर्षातून एकदा बदलत असेल तर मात्र यातलं काहीही करू नका; मेमरी कार्डवर सगळं भरून वाटा. त्याहून गुप्त काही नाही.

बिघडतं ते इथे

सूची. पत्रकांची नावं आणि प्रत्येकाचा एसएचए-२५६ ठसा (मजकुरावरून निघणारी ३२ बाइट्सची ओळख; २,००० × ३२ = ६४,००० बाइट्स) वाचकाच्या यंत्रावर पूर्ण उतरलेला हवा, आणि शोध तिथेच व्हायला हवा. शोधाची खिडकी सर्व्हरवर ठेवलीत तर वरचं सगळं गणित वाया.

लाइन जाणं. फेरीच्या आधी कोण चालू आहे ते विचारून घ्या. त्यातून काही फुटत नाही. चार चालू असतील तर फेरीला दोन अंश, तीन फेऱ्या, १,२०० केबी. तीन असतील तर एकेक अंश, सहा फेऱ्या, १,८०० केबी. दोनच उरली तर पत्रक उभं करता येतं, पण गुप्तपणे नाही. प्रोग्रॅमने तिथे नकार द्यावा, गुपचूप साधी मागणी करू नये. आणि फेरीच्या मधेच यंत्र ३ गेलं, तर तीच यादी घेऊन यंत्र ४ ला “आता तू दे” म्हणू नका. यंत्र ४ कडे मूळ यादी आधीच पोचलेली असते. आता एका जागी बदललेली आली की फरकातून पत्रक दिसतं. अर्धवट फेरी टाकून द्या, नवी यादी काढा. सगळ्यात जास्त प्रोग्रॅम इथे चुकतात, कारण पुन्हा प्रयत्न करण्याचं काम बहुधा एखादी तयार लायब्ररी परस्पर करत असते.

जुनी आवृत्ती. प्रत्येक उत्तरात सगळी पत्रकं मिसळलेली असतात. यंत्र २ वर एकच पत्रक जुनं राहिलं, तरी जवळपास प्रत्येक मागणी बिघडते, मग ती कुठल्याही पत्रकाची असो. म्हणून साठ्याला आवृत्ती क्रमांक द्या, मागणीत तो पाठवा, आणि पाचांनी नवी आवृत्ती मिळाल्याची पोच देईपर्यंत जुनी पुसू नका. पेन ड्राइव्हवरून अद्ययावत करणाऱ्या गावांत हे विशेष जपावं लागतं.

चुकीचं उत्तर देणारं यंत्र. ठसा जुळला नाही की तपासणीची फेरी करा: फक्त एका यंत्राकडून अंश घ्या, बाकीच्या चार उत्तरांतून रेषा काढा. चारांतलं एक चुकलं असेल तर उरलेली तीन एका रेषेवर येतात आणि चोर सापडतो. चारही रेषेवर असतील तर दोष अंश देणाऱ्या यंत्रात.

वाहिनी. पाचही मागण्या एकाच वाय-फायवरून जातात. टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारी पद्धत) नसेल तर राउटरवर बसलेला माणूस म्हणजे पाचही यंत्रांचं संगनमत. गावातल्या अंतर्गत जाळ्यात डोमेन नसेल तर स्वतः तयार केलेली प्रमाणपत्रं चालतील, पण प्रत्येकाचा ठसा वाचकाच्या प्रोग्रॅममध्ये पक्का बसवा.

डाउनलोड्सचा फोल्डर. सेवा केंद्राच्या संगणकावर पत्रक उघडलं आणि पीडीएफ तिथेच राहिली, तर पुढचा गिऱ्हाईक ती पाहील. उघडायचं ते रॅममधून, स्वतःच्या फोनवर.

गावाला खुलं करण्याआधीची चाचणी

पत्रक ७ साठी आणि पत्रक १,९०० साठी मागण्या करा आणि यंत्र १ ला आलेल्या याद्या साठवा. एका यादीत ० ते २५५ मधली प्रत्येक किंमत सरासरी २३-२४ वेळा यायला हवी. थोडं कमीजास्त होणारच. पण शून्यांचा ढीग दिसला तर यादृच्छिक बाइट्स नीट भरले जात नाहीत. दोन पत्रकांच्या याद्या शेजारी ठेवून कुणालाही त्या ओळखता येऊ नयेत.

मग मुद्दाम संगनमत करा, आणि शक्य असेल तर ग्रामसभेत पडद्यावर. पत्रक १,९०० च्या पहिल्या फेरीतली यंत्र १ आणि यंत्र ४ ची यादी एक्सऑर करा. ५,९९९ शून्यं आणि ५,७०० व्या जागी (मोजणी ० पासून) एकच १. त्याला ३ ने भागलं की १,९००. ज्या दोन ठिकाणांच्या किल्ल्या एकाच्या हातात जाऊ शकतात ती कोणती, हा प्रश्न मग लोक स्वतःच विचारतात. टी = २ च्या मांडणीत हेच केलं तर दोन याद्यांच्या एक्सऑरमधून नुसते यादृच्छिक बाइट्स निघतात; पत्रक सापडायला तिसऱ्या यंत्राची यादी लागते.